आमच्या दारचं सोडून

जयवंताबाईंनी सकाळचा चहा तोंडाशी नेला आणि एकदम कपबशी भिंतीवर भिरकावली, तेव्हा रुपराव मेश्रामांना वाटलं, साखर कमी पडली असेल. बत्तीस वर्षांच्या संसारात बाईनं कधी वाटीसुद्धा आपटली नव्हती. म्हणून ते आधी रागावले आणि मग घाबरले. त्यांचा नेहमीचा क्रम हाच होता. एस.टी.च्या वर्कशॉपात टायर विभागात तीस वर्षं गेलेली. टायर फुटला की आधी शिवी, मग जॅक.

मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरानं जयवंताबाईंसमोर पाण्याचा ग्लास धरला. त्यांचा गळा असा आवळला की रुपरावांनी तोंड फिरवलं.

"कुत्रं चावलं होतं का?" डॉक्टरानं विचारलं.

"नाई," रुपराव ठासून म्हणाले. "चावलं असतं त मले माहीत नसतं?"

मागं शेजारच्या सिंधूताई उभ्या होत्या. त्या पदराआडून म्हणाल्या, "चावलं नाई जी डॉक्टरसाहेब. नुसता दात लागला होता. पोळ्याच्या आधी."

डॉक्टरानं पेनाला टोपण लावलं. तो पुढं काही बोलायच्या आतच रुपरावांना कळलं. सन अठ्ठ्याहत्तर, दिवाळी आठ दिवसांवर आली होती. बुधवारी जयवंताबाई गेल्या.

माणूस गेल्यावर लोक भेटायला येतात आणि बोलतात. वाकुडकर लेआउटातले लोक तर जरा जास्तच बोलतात. हुडकेश्वरच्या वाटेवर, नाल्याकाठी, चाळीस घरांची ही वस्ती; अर्ध्यांना पेन्शन, उरलेले पेन्शनची वाट बघणारे. चार दिवसांत रुपरावांना कळलं की दात लागल्याचं अख्ख्या गल्लीला माहीत होतं. किराणा दुकानवाल्या मारोतरावांनी जखमेत भरायला लाल तिखट दिलं होतं, आणि तेही फुकट. त्यांनी फुकट काही दिल्याची त्या दुकानाच्या इतिहासात दुसरी नोंद नाही. रिटायर्ड हेडमास्तर चंपतरावांनी साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या दिल्या होत्या. सिंधूताईंनी सात विहिरींत डोकावायला नेलं होतं. कुत्रं चावलेल्यानं सात विहिरींत डोकावलं की विष उतरतं, अशी त्यांची खात्री. लेआउटात विहिरी निघाल्या पाच, म्हणून दोन हातपंप धरले. जयवंताबाईंच्या घरात छप्पन सालापासून ना देव, ना धागादोरा. पण शेजारणीचं मन मोडू नये म्हणून ती बाई हातपंपाजवळही वाकून आली.

"हातपंपात काय दिसते, सिंधूताई?" रुपरावांनी भेटीला आलेल्या बायकांसमोरच विचारलं.

आणि ते कुत्रं? ते चौथ्याच दिवशी नाल्यात मरून पडलं होतं. उन्हानं मेलं, असं गल्लीनं ठरवलं. भर श्रावणात.

गल्लीत एकट्यालाच काही माहीत नव्हतं, आणि तो जयवंताबाईंचा नवरा होता. त्याला का सांगितलं नाही, हे विचारलं की लोक उठून चपला शोधू लागत.

सरकारी दवाखान्यात चौदा इंजेक्शनं फुकट मिळत होती. पोटात, बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक. टोचून घेणारा शिव्या देतो, पण शिव्या द्यायला जिवंत राहतो. रुपरावांनी ठरवलं, लेआउटाला एक माणूस पाहिजे. कुत्र्यांवर नजर ठेवणारा आणि कोणाला दात लागला की घरच्यांना जाऊन सांगणारा. गोळ्या नकोत, तिखट नको, फक्त सांगणारा. एवढ्या साध्या कामाला किती दिवस लागतील? त्यांनी पंधरा दिवसांचा हिशेब धरला होता.

महापालिकेच्या कचेरीत मनोहरराव नावाचे कारकून या विषयाचे मालक होते. माणूस चांगला. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असल्यामुळं मान वर करून बोलायचे, त्यामुळं ते सतत पंख्याशी बोलत असल्यासारखे वाटायचे.

"कुत्रे पकडाची गाडी आहे का जी?" रुपरावांनी विचारलं.

"आहे न."

"कुठं आहे?"

मनोहररावांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. गाडी विटांवर उभी होती. एकही चाक नव्हतं. मागच्या पिंजऱ्यात एक कुत्री व्याली होती आणि सहा पिल्लं तिला लुचत होती.

"अन् माणसं?"

"मंजूर पदं चार. भरलेलं एक."

"मंग तो एक कुठं आहे?"

"रजेवर. त्याले कुत्रं चावलं."

रुपरावांचा टायरवर जीव. ते घरी गेले, जुन्या वर्कशॉपातल्या दोस्तांना भेटले, आणि चार रिट्रेड केलेले टायर रिक्षात घालून तिसऱ्या दिवशी कचेरीत हजर झाले. मनोहररावांनी पंख्याकडं बघून सांगितलं की सरकारी वाहनाला खाजगी टायर लावता येत नाही. लावायचा असेल तर आधी मागणीपत्र, मग तीन भावपत्रकं. टायर परत घरी आले. ते अंगणात ठेवल्यापासून दुपारी त्यांत कुत्री झोपू लागली.

"तक्रार तरी लिहून घ्या," रुपराव म्हणाले.

"चावा कोणत्या बाजूले झाला?"

"डाव्या पायाले."

"पायाची नाई जी, नाल्याची बाजू विचारून राहिलो. नाल्याच्या इकडं आमची हद्द. तिकडं ग्रामपंचायत."

"कुत्रं तिकडं राहे. चावलं इकडं."

मनोहरराव विचारात पडले. मग उठले, थुंकून आले, आणि कपाटातून एक पिवळं पडलेलं परिपत्रक काढलं. वस्तीनं अर्धा पगार उचलला तर उरलेला अर्धा कचेरी देईल, असं त्यात होतं. माणूस वस्तीनंच निवडायचा. त्याला कुत्रा-रक्षक म्हणायचं. फासाची काठी, रजिस्टर आणि पितळी बिल्ले कचेरीकडून. बिल्ला नसलेलं कुत्रं पकडायचं. कोणाला चावलं तर रजिस्टरात लिहायचं, माणसाला दवाखान्यात धाडायचं आणि कुत्रं दहा दिवस बांधून ठेवायचं.

"हे परिपत्रक कधीचं?"

"सहा वर्षांचं. कोनी मागतलंच नाई."

रुपराव परत येताना सायकलवर मोठ्यानं बोलत आले. रस्त्यावरची माणसं बाजूला झाली.

चंपतरावांच्या अंगणात सभा भरली. सुरुवातीला जयवंताबाईंसाठी दोन मिनिटं उभं राहण्यात आलं. ज्यांनी तिखट दिलं, गोळ्या दिल्या, विहिरी दाखवल्या, ते सगळे मान खाली घालून उभे होते, आणि रुपराव डोळे उघडे ठेवून एकेकाकडं बघत होते. बसल्याबरोबर मारोतरावांनी तोंड उघडलं.

"रुपरावभाऊ, एक विचारू का? तुमी बुद्धाले मानणारे. अन् कुत्रे माराले निघाले?"

"माराले कोन म्हणून राहिलं? बांधा म्हणून राहिलो मी. चावलं त कुत्र्याले बांधा अन् माणसाले सुई द्या. तुमच्या तिखटानं आजवर कोन वाचलं, नाव सांगा."

मारोतराव आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघू लागले.

"शांतता, शांतता," चंपतराव म्हणाले. शाळा सुटून सात वर्षं झाली तरी त्यांच्या मनातली घंटा वाजायची थांबली नव्हती. "प्रत्येक घरामागे महिना दोन रुपये वर्गणी. कोणाची हरकत?"

हरकत कोणाचीच नव्हती. सगळ्यांनी हात वर केले. फक्त हात खाली घेताना सिंधूताई म्हणाल्या, "आमच्या दारचं सोडून हं." त्यांच्यामागून आणखी तिघांनी तेच म्हटलं. रुपरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

जाहिरात लिहायचं काम चंपतरावांनी स्वतःकडं घेतलं. त्यांच्याकडं शाळेतल्या लिपिकाच्या जुन्या जाहिरातीचा कागद होता. त्यात 'लिपिक' खोडून 'कुत्रा-रक्षक' घातलं आणि बाकी तसंच ठेवलं. त्यामुळं उमेदवार मॅट्रिक हवा, अक्षर वळणदार हवं आणि टंकलेखन येत असल्यास प्राधान्य, असं छापून आलं. अकरा अर्ज आले. आठ बी.ए. झालेले. एकानं टायपिंगचं सर्टिफिकेट पुढं ठेवून विचारलं, "सर, कुत्रे इथे ऑफिसात आणून देतात, की आपल्याला त्यांच्याकडे जावं लागतं?"

शेवटी नत्थू आला. चौथी पास, चाळिशीचा, लकडगंजमधल्या एका लाकडाच्या टालीवर राखणदार. चंपतरावांनी त्याला महाराष्ट्राचं क्षेत्रफळ विचारलं.

"ते मोजाले मले ठेवून नाई राहिले न गुरुजी तुमी?" नत्थू म्हणाला.

"याले घ्या," रुपराव म्हणाले.

"पण सामान्यज्ञान..."

"गुरुजी, याले घ्या. नाईत मी सगळ्याइले तुमच्या गोळ्या चारतो."

अशा रीतीनं संक्रांत झाल्यावर वाकुडकर लेआउटात कुत्रा-रक्षकाची नेमणूक झाली. नत्थू खाकी शर्ट घालून, खांद्यावर फासाची काठी आणि काखेत रजिस्टर घेऊन निघाला. त्याच्यामागं अभिमानानं रुपराव.

पहिल्या घरासमोर एक काळं कुत्रं पडलं होतं. नत्थूनं काठी काढली. घरातून बाई ओरडत आली, "हात नोको लावू! आमचं आहे ते."

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्याही घरी तेच. दुपारपर्यंत रुपरावांच्या लक्षात आलं की या वस्तीत कुत्रं पाळतं कोणीच नाही आणि बेवारस कुत्रंही एक नाही. प्रत्येक घरातली शेवटची पोळी कुत्र्याची. ती रोज ज्या कुत्र्याला मिळते ते त्या घरचं. त्याला ओट्यावर चढू द्यायचं नाही, चढलं तर लाटणं फेकायचं. औषध नाही, पट्टा नाही, नाव नाही. पण कोणी पकडायला आलं की ते घरचं. मारोतरावांच्या दुकानापुढं चार होती.

"दत्ताचे आहेत," मारोतराव हात जोडून म्हणाले. "चार वेद. याइले पकडसान त पाप लागन."

त्याच आठवड्यात एका वेदानं दूधवाल्याचं धोतर फाडलं.

"तुमचे आहेत त बिल्ला घ्या," रुपराव दारोदार सांगू लागले. "पण बिल्ल्याआधी कुत्र्याले सुई टोचा लागते. जनावरांच्या दवाखान्यात न्या."

बिल्ला सगळ्यांना हवा होता, सुई एकालाही नको. सुईनं कुत्र्याला ताप येतो, असं सिंधूताईंचं मत पडलं. शिवाय न्यायचं कसं? पट्टा बांधला तर चावेल. यावर कोणी हसलं नाही, हे रुपरावांना विशेष वाटलं. चंपतरावांनी पुन्हा सभा घेऊन ठराव केला: बिल्ले तूर्त द्यावेत, सुई यथावकाश टोचावी. विरोधात एक मत पडलं. ते कोणाचं, हे ठरावात लिहिलं नाही.

रुपराव रागानं दोन दिवस कचेरीत जाऊन बसले. मनोहररावांनी सांगितलं, ठराव झाला तर झाला. इकडं नत्थूनं घरोघर फिरून नावं लिहून घेतली आणि कुत्र्यांच्या गळ्यात सुतळीनं बिल्ले बांधले. ते काम तो छान करायचा. जवळ बसायचा, खाजवायचा, बोलायचा आणि गाठ मारून उठायचा. महिन्याच्या शेवटी तो रुपरावांकडं आला.

"भाऊ, एकतीस कुत्रे, एकतीस बिल्ले. आता पकडू कोनाले?"

याचं उत्तर रुपराव शोधत असतानाच चंपतरावांनी अहवाल लिहिला. वळणदार अक्षरात, तांबड्या शाईनं शीर्षक घालून. 'कळविण्यास आनंद होतो की वाकुडकर लेआउटात आज रोजी एकही भटके कुत्रे उरलेले नाही.' आणि कोणाला न विचारता तो कचेरीत धाडला. तीन महिन्यांत एका अर्जाचं उत्तर न देणाऱ्या कचेरीनं याचं उत्तर बाराव्या दिवशी दिलं: वस्तीत भटके कुत्रे नसल्याने कुत्रा-रक्षकाची आवश्यकता राहिलेली नाही, सबब अनुदान बंद.

कचेरीचा अर्धा बंद झाला म्हटल्यावर वस्तीनंही आपला अर्धा बंद केला. रुपराव चंपतरावांच्या दारात उभे राहून इतके ओरडले की चंपतरावांचं घरचं कुत्रंही उठून नाल्यापलीकडं गेलं.

"अहो, पण अभिनंदनाचं पत्र आहे ते," चंपतराव म्हणत होते. "दुसरा परिच्छेद वाचा."

"भैताड माणसं! काम होण्याआधीच काम झालं म्हणून कळवता! शाळेतबी असंच केलं का? पोट्टे शिकले नाई, पण पास झाले म्हणून लिहून टाकलं?"

चंपतरावांनी पत्राची घडी घातली. बहुधा बाण लागला असावा.

या सगळ्यात रुपरावांच्या स्वतःच्या दारातही एक तांबडं कुत्रं येऊन बसायचं. रोज संध्याकाळी, पोळ्यांच्या वेळेला. घरात पोळ्या करणारं कोणी उरलं नव्हतं. रुपराव सकाळी एकदाच भात टाकायचे. तरी ते यायचं आणि उंबऱ्याकडं बघत बसायचं. रुपराव काठी फेकायचे. ते पळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. लेआउटावरचा सगळा राग त्या काठीत भरून ते फेकायचे, आणि नेम कधीच लागायचा नाही.

नत्थूच्या नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी तो फासाची काठी परत द्यायला आला आणि दारातच घुटमळला.

"भाऊ, एक सांगाचं होतं. पण रागावाचं नाई."

"मी कायले रागावू?" रुपराव रागावून म्हणाले.

"सिंधूताईले चावलं. पिंढरीले. तीन दिस झाले."

रुपराव बनियनवरच निघाले. सिंधूताई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओढलेला. त्याखालून तिखटाचा लाल डाग दिसत होता.

"दाखवा," रुपराव गरजले.

"काई नाई भाऊजी. नुसता दात लागला."

"दात लागला! पुन्हा दात लागला! अन् पुन्हा तिखट! अवं बाई, एक माणूस मेलं न तुमच्या डोळ्यासमोर! कोनाकोनाले माहीत आहे? सगळ्याइले असन! मलेच काहून सांगत नाई कोनी? काहून?"

आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. सिंधूताईंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि त्यांचाही बांध फुटला.

"याच्यानंच! अस्से वरडता म्हणूनच! तिनं मले शपथ घातली होती. म्हणे, सिंधू, याइले सांगू नोको. कुत्र्याले मारतीन, गल्लीशी भांडतीन, दोन दिस जेवाचे नाई. त्याच्यापरीस मी तिखट भरतो, म्हणे. तुमाले भेत होती ते. आता विचारता काहून म्हणून!"

रुपरावांचा हात वर होता, तो तसाच राहिला. मग त्यांच्या लक्षात आलं की हात वर आहे, आणि त्यांनी तो खाली घेतला.

ते म्हणाले, "चप्पल घाला. मी रिक्षा आणतो."

"कुत्रं कोणतं?" त्यांनी जाताजाता नत्थूला विचारलं. आवाज इतका बारीक होता की नत्थूनं दोनदा ऐकून घेतलं.

नत्थूनं रजिस्टर उघडलं आणि तसंच पुढं केलं. बिल्ला नंबर सतरा. रंग तांबडा. मालक: जयवंता रुपराव मेश्राम.

"हे कोनं लिहलं?"

"मीच सांगतलं," सिंधूताई म्हणाल्या. "तुमी कचेरीत गेले होते. तिच्याच हातची पोळी खाये ते. नाव नसतं लिवलं त यानं धरून नेलं असतं. आता तिचं म्हणून तेवढंच राहिलं होतं गल्लीत." मग डोळे पुसून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "अन् त्यानं मुद्दाम नाई चावलं. तुमी काठी फेकली, ते पळालं, अन् माह्या पायात आलं."

चौदा दिवस रुपराव सिंधूताईंना रिक्षातून दवाखान्यात नेत होते. पहिले पाच दिवस दोघंही बोलले नाहीत. सहाव्या दिवशी सिंधूताई म्हणाल्या, "लय दुखते भाऊजी." रुपराव म्हणाले, "दुखू द्या." मारोतराव दुकानातून म्हणाले की यावर एक देशी उपाय आहे. रुपराव थांबले, वळले, तोंड उघडलं, मिटलं आणि पुढं गेले. मारोतराव दिवसभर अस्वस्थ होते. शिवी खाल्ली असती तर बरं, असं त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं.

सतरा नंबरला दहा दिवस बांधून ठेवणं मालकाला भाग होतं. रुपरावांनी त्याला अंगणातल्या टायरला बांधलं. बांधलेल्या जनावराला खायला घालावं लागतं, म्हणून ते पोळ्या लाटू लागले. पहिल्या दिवसाची पोळी कुत्र्यानं हुंगली आणि बाजूला सारली. रुपरावांनी काठीकडं बघितलं. मग दुसरी लाटली.

दहाव्या दिवशी कुत्रं जिवंत होतं, भुंकत होतं आणि पाणी पीत होतं. ते पाणी पिताना रुपराव समोर उकिडवे बसून बघत राहिले.

"आता काय भेव नाई न?" सिंधूताई म्हणाल्या. "राहिलेल्या सुया राहू द्या."

"चौदा म्हणजे चौदा," रुपराव म्हणाले. ओरडले नाहीत. चौदा झाल्या.

त्यानंतर कचेरीतून नोटीस आली, जयवंता रुपराव मेश्राम यांच्या नावानं: आपल्या मालकीच्या कुत्र्याने चावा घेतल्याबाबत खुलासा करावा. रुपराव ती घेऊन मनोहररावांकडं गेले. मनोहररावांनी या वेळी पंख्याकडं बघितलं नाही. खर्रा थुंकून आले आणि हलक्या आवाजात म्हणाले की मालकाचं नाव बदलायचा एक फॉर्म असतो. त्याला मृत्यूचा दाखला जोडायचा, मग नवीन मालक म्हणून सही करायची. फॉर्म त्यांनी स्वतःच काढून दिला.

नत्थू लकडगंजच्या टालीवर परत गेला. त्याची जागा पुन्हा मंजूर व्हावी म्हणून रुपरावांनी दिलेला अर्ज कचेरीत आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही. एकतीसपैकी तीस कुत्र्यांना सुई टोचायची राहिली आहे. मालकाचं नाव बदलायचा फॉर्म रुपरावांनी घरी आणून ठेवला आहे. तो भरलेला नाही.